उतारावरून, तोंड पुढे करून

प्रिय आई,

एकाच घरात राहणाऱ्या सासू-सुनांनी एकमेकींना पत्र लिहायचं काय कारण? पण तुम्ही होतात तेव्हा मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीत, आणि आज मला बरंच काही बोलायचं आहे. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. मधे 'थांब वं' म्हणायचं नाही.

मी तुमच्या फळीवर बसले आहे. बिल्डिंगच्या दारात, चार पायऱ्यांच्या शेजारी, तुम्ही हट्टानं करून घेतलेल्या त्या लाकडी उतारावर. सगळी गल्ली त्याला रॅम्प म्हणते. तुम्ही शेवटपर्यंत फळीच म्हणालात, म्हणून मीही तेच म्हणते. डोक्यावर ऊन आलं आहे, मांडीवर तुमच्या नातीची, प्रज्ञाची, रफ वही आहे, आणि येणारा-जाणारा माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो आहे.

आज ही फळी उखडायला सुतार येणार आहे. सकाळी येणार होता. सुतारच तो, सकाळी कसा येईल? आता चारला येतो म्हणाला आहे. मी जयपूरच्या त्या सीतापुऱ्याच्या कारखान्यातून आजची सुट्टी काढली आणि इथे येऊन बसले. मी उठले नाही तर त्याला फळी काढता येणार नाही, एवढाच माझा बेत आहे. फार हुशारीचा नाही, मलाही कळतं. पण तुम्हीच सांगा, दुसरं काय करू?

काय झालं ते नीट सांगते. तुम्हाला अर्धवट सांगितलेलं कधी चाललं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या खंडेलवालजींच्या नेहाचं लग्न ठरलं. मंगळवारी वरात येणार. चांगलं स्थळ आहे, मुलगा अजमेरचा. तुम्हाला आवडला असता, कारण फोटोत तो हसतो आहे. त्यांच्या घरी लग्नाचे गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी खंडेलवालजी आपल्याकडे आले. बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणून नाही, घरचे म्हणून आलो आहे, असं म्हणाले. तुमच्या सुधीरशी इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "भाईसाहब, अब तो माताजी रहीं नहीं. वो रैंप... शादी का घर है. आप समझ रहे हैं ना?"

सुधीरला समजलं नाही. मला समजलं. मी आतून विचारलं, "रैंप का शादी से क्या लेना-देना?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उस पर से अर्थी उतरी है भाभीजी. अच्छा नहीं लगता."

आई, 'बरं दिसत नाही' हे वाक्य तुम्ही आयुष्यात किती जागी ऐकलंत ते मला माहीत आहे. तुम्हीच सांगायचात. बडनेऱ्याच्या विहिरीपासून रेल्वेच्या क्वार्टरपर्यंत. कुणी शिवी देत नाही, कुणी ओरडत नाही, फक्त बरं दिसत नाही म्हणतात. हे त्यांना मरणाचं बरं दिसत नव्हतं की आपलं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हादरले असते, आणि कदाचित खरंच तसं काही नसेलही. पण मनात आलं ते आलं.

आणि तुमचा लेक काय म्हणाला असेल? "हाँ जी, देख लेंगे." बास! त्यांनी ते 'हो' धरलं आणि सुताराला सांगून टाकलं. आई, हे तुमचं काम बरं. परमुलखात राहायचं तर सगळ्यांना 'हो जी' म्हणायचं, हे त्याला लहानपणापासून तुम्ही शिकवलंत, आणि स्वतः मात्र जन्मात कुणाला 'हो जी' म्हणाला नाहीत.

रात्री मी भांडले. सुधीर म्हणाला, "अगं, आईच नाही तर फळी कुणासाठी? आपल्याला इथंच राहायचंय." मी म्हटलं, "म्हणूनच." सकाळी तो ड्यूटीवर गेला तेव्हा मी खाली येऊन बसलेच होते. त्यानं बूट घातले, माझ्याकडे बघितलं, आणि पायऱ्यांवरून नाही, माझ्या बाजूनं फळीवरून उतरून गेला.

फळी कुणासाठी, हा प्रश्न मला सकाळपासून सुटत नाही आहे. म्हणजे उत्तर इतकं आहे की कुठून सुरू करू?

तुमच्या खुब्याचं हाड मोडलं त्या वर्षी तुम्ही अख्खा हिवाळा घरात काढलात. तळमजल्यावर घर, आणि दारापासून रस्त्यापर्यंत चारच पायऱ्या. त्या चार पायऱ्यांनी तुम्हाला कोंडून ठेवलं. डॉक्टरकडे जायचं तर चौघांनी खुर्ची उचलायची. हे मला सांगायलाच हवं, त्या चौघांत एक खंडेलवालजी असायचे. ते वाईट माणूस नाहीत, आई. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

एक दिवस तुम्ही जाहीर केलंत, "मले उचलायचं नाई. मी काय सामान होय का? फळी टाका." आणि फळ्या आणल्यात कुठून, तर सांगानेरच्या टेंटवाल्याकडून. लग्नातल्या स्टेजचे जुने पाट! जाड, मजबूत, आणि नव्याच्या निम्म्या भावात. त्यांच्यावर लाल गालिच्याच्या खुणा होत्या, एका फटीत तर गुलाबाची वाळलेली पाकळी निघाली. मी परवा खंडेलवालजींना हेच सांगितलं. म्हटलं, ह्या पाटांवर अर्ध्या जयपूरचे नवरा-नवरी उभे राहिले आहेत, ह्यांच्याहून शुभ लाकूड तुम्हाला गावात मिळणार नाही. ते म्हणाले, "वो अलग बात है." काय वेगळी बात, ते नाही सांगितलं.

सुतारानं पहिली फळी आखूड केली होती, आठवतं? पार्किंगची जागा जाऊ नये म्हणून. उतार एवढा उभा झाला की रिकामी खुर्ची सोडली तर ती थेट समोरच्या भिंतीला जाऊन आपटली. तुम्ही दारातून बघत होतात. म्हणालात, "मी बसली असती तं?" मग लांबलचक फळी झाली, खंडेलवालजींच्या स्कूटरची जागा गेली, आणि त्यांनी महिनाभर तोंड फिरवलं. वर आडव्या पट्ट्या ठोकल्या, पाय घसरू नये म्हणून; वरच्या टोकाची एक सैलच राहिली. तरी इकडची धूळ अशी की सकाळी झाडलेली फळी दुपारी पुन्हा रेतीनं भरलेली. मी रोज झाडायचे. आजही झाडली. उखडायची फळी कुणी झाडतं का? सवय हो.

दुपार वर आली. प्रज्ञा पाणी घेऊन आली होती. म्हणाली, "मम्मी, तू खरंच बसून राहणार का? मतलब, सगळे वरून बघतायत." मी म्हटलं, बघू दे. ती उभी राहिली थोडा वेळ, मग माझ्याशेजारी बसली आणि पट्टीवरच्या चाकांच्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. त्या रेघा तिच्या स्केट्सच्या. तिच्या आणि सगळ्या बिल्डिंगच्या पोरांच्या. संध्याकाळी उन्हं उतरली की तुमची शाळा भरायची. तुम्ही वर खुर्चीत, हातात काठी, आणि पोरं रांगेत. चढणाऱ्याला आधी वाट, हा तुमचा नियम. ढकलाढकली केली की त्या दिवशी स्केटिंग बंद. पोरांना वऱ्हाडी कळायची नाही, पण काठी कळायची. शेजारी विटांवर जादा पाट टाकून तुम्ही त्यांना उडी मारायला शिकवलंत! जिला स्वतःला उभं राहता येत नव्हतं, ती! नेहासुद्धा कॉलेजात असताना ओढणी कमरेला खोचून तुमच्या रांगेत उभी राहायची. पहिल्यांदा घसरून आली तेव्हा केवढी किंचाळली होती.

आणि ह्याच पोरांना बघून तुमच्या डोक्यात ते आलं.

मी तुम्हाला उतरवताना उलटं उतरवायचे. मी खाली, पाठीनं चालत, खुर्चीचे दांडे माझ्या हातात, तुमची पाठ माझ्या छातीशी. तुमचं तोंड घराकडे. हॉस्पिटलातल्या बाईनं तसंच शिकवलं होतं, आणि ते बरोबरच आहे. सरळ उतरवलं आणि हात सुटला तर माणूस तोंडावर जातो. पण तुम्ही ऐकाल तर ना! रोज तेच. "उलटी काहून नेते वं मले? रोज घराचंच तोंड पाहत बाहेर जायचं का? रस्ता पाहू दे ना मले. लेकरं जाते तशी सोड एकदा."

मी नाही सोडलं. रेती असायची, मी एकटी असायचे, तुमचं वजन काही कमी नव्हतं. दर वेळी मी 'नाही' म्हटलं आणि दर वेळी तुम्ही फुरंगटून बसलात. आई, त्यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. उद्या तुम्ही परत आलात तरी मी उलटंच उतरवेन. पण तुमचं ते 'सोड एकदा' कानातून जात नाही, त्याला मी काय करू?

म्हणून त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही होतात खरं तर, पण तुम्हाला दिसलं नसणार.

त्रिसरण झालं, पांढरं वस्त्र घातलं, आणि तुम्हाला दारात आणलं. खाली माणसं दाटली होती. खंडेलवालजीच पुढे होते, म्हणाले, "सीढ़ी से ले चलिए, सीढ़ी चौड़ी है." खांदेकरी पायऱ्यांकडे वळलेही. तेव्हा तुमचा हा 'हो जी' म्हणणारा लेक म्हणाला, "नहीं. माँ यहीं से जाएगी." एवढंच. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तिरडी फळीवर वळली. पाय पुढे होते, आई. पट्ट्या करकरल्या, माणसं सावकाश उतरली, आणि मला एकदम दिसलं की तुम्ही तोंड पुढे करून चालला आहात. रस्त्याकडे. पहिल्यांदा. मला रडताना हसू आलं, आणि बायकांना वाटलं मला भोवळ येते आहे. त्यांनी मला धरून बसवलं.

त्याच उतरण्यामुळे आज फळी अशुभ झाली.

गंमत बघा. काल त्यांच्याकडे हलवाईची भट्टी आली, पोती आली, गाद्यांचे गठ्ठे आले. सगळं कुठून चढलं? फळीवरून. खंडेलवालजी स्वतः उभे राहून "इधर से, इधर से" करत होते. म्हणजे सामान चालतं, माणूस चालत नाही. आणि गणपती बसल्यापासून त्यांच्या घरातलं कुणी फळीवर पाय ठेवत नाही. नेहाच्या आईचे, सरिताभाभींचे, गुडघे तुम्हाला माहीत आहेत. इतकी वर्षं फळीवरूनच ये-जा करत होत्या. आता कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतात आणि वर लिफ्टपाशी पोचल्या की भिंतीला टेकून उभ्या राहतात. मला बघून हसतात. मीही हसते. दोघींनाही ते हसू जड जातं.

मांजर आडवी गेली की तुम्ही म्हणायचात, "मांजरीले तिचं काम असन." मला तेवढं साधं बोलता आलं असतं तर मी इथे बसले नसते.

सरिताभाभी आणि बाकीच्या बायका सकाळीच ढोल लावून कुंभाराकडे गेल्या आहेत. इकडची रीत तुम्ही पाहिली आहे. लग्नाआधी घरच्या बायका कुंभाराच्या चाकाची पूजा करतात आणि तिथून मातीचे कलश डोक्यावर घेऊन वाजतगाजत घरी येतात. त्या परतायच्या आत फळी निघायला हवी होती, अशी खंडेलवालजींची योजना होती. सुतारानं ती पाण्यात घातली. ते मघापासून तीनदा गेटपर्यंत जाऊन आले. आता माझ्यासमोर येऊन उभे आहेत, आई. थांबा.

*

म्हणाले, "भाभीजी, धूप में तबीयत बिगड़ जाएगी. अंदर चलिए." मी म्हटलं, "मैं ठीक हूँ." म्हणाले, "चार बजे वो लोग आएँगे. आपके सामने झगड़ा अच्छा लगेगा क्या?" पुन्हा तेच, बरं दिसेल का. मी म्हटलं, "झगड़ा मैं नहीं कर रही. मैं तो बैठी हूँ." त्यांचा चेहरा लाल झाला. हात जोडून म्हणाले, "मेरी बेटी की शादी है." आणि त्यांचा आवाज फाटला. खरं सांगते, तेव्हा मी उठणार होते. मुलीच्या बापाचे जोडलेले हात बघून कोण बसून राहील? गुडघ्यावर हात टेकला होता मी उठायला.

तेवढ्यात ढोल ऐकू आला.

हे सगळं मी संध्याकाळी लिहिते आहे. तेव्हा वही बाजूला पडली होती.

बायका गल्लीच्या तोंडाशी आल्या. रंगीत ओढण्या, गाणी, सगळ्यांत पुढे सरिताभाभी. डोक्यावर कलश, त्यावर लहान कलश, वर नारळ. एक हात कलशाला, एका हातात घागऱ्याचा घोळ. कलश येतो आहे म्हटल्यावर बसून राहणं शोभत नाही. मी उठले, वही उचलली आणि फळीच्या वरच्या टोकाला, कठड्याशी जाऊन उभी राहिले.

डोक्यावर कलश असला की खाली बघता येत नाही. मान ताठ ठेवावी लागते. भाभी सरळ समोर बघत, गात, गेटमधून आत आल्या, आणि त्यांचे पाय त्यांना जिकडे रोज न्यायचे तिकडे वळले. पायऱ्यांकडे नाही. फळीकडे.

मला दिसलं, आई. त्यांचा पहिला पाय फळीवर पडायच्या आत मला दिसलं. मी एकच शब्द बोलायचा होता, 'भाभी, सीढ़ी.' माझे ओठही उघडले असतील. खंडेलवालजींनाही दिसलं. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. कारण कलश घेतलेल्या बाईला हाक मारून मागे फिरवायचं कसं? ते त्यांच्यात त्याहून वाईट. आम्ही दोघं, फळीच्या दोन टोकांना, गप्प. ते बोलू शकत नव्हते आणि मी बोलले नाही.

दुसरं पाऊल, तिसरं. मग लाकूड वाजलं. त्या वरच्या सैल पट्टीनं नेहमीसारखा ठक आवाज केला, आणि भाभी थांबल्या. त्यांना कळलं. गाणं तुटलं. मागच्या बायका थांबल्या, त्यांच्या मागचा ढोल थांबला. भाभींचा गुडघा लटपटला, कलश एका बाजूला कलला, पाणी हिंदकळून त्यांच्या कपाळावर आलं. मागे वळता येत नाही, खाली बघता येत नाही. त्यांचे डोळे तेवढे माझ्याकडे वळले.

आई, मी हात पुढे करायला किती वेळ लावला माहीत आहे? मला वाटलं, माझा हात चालेल का? ज्या घरातून तिरडी गेली त्या घरचा हात, आणि वर आपल्या घरचा हात, ह्या बाईला आज, डोक्यावर तो कलश असताना चालेल का? खंडेलवालजींना त्या दिवशी न विचारलेला प्रश्न सगळा त्या हातात येऊन बसला होता. तुम्ही असतात तर एवढा विचार केला नसता. "पडते ना वं ती, धर!" म्हणाला असतात. मी हात पुढे केला.

त्यांनी मनगट पकडलं. घट्ट, नखं रुतेपर्यंत. आणि माझ्या हातावर सगळा भार टाकून त्या वर आल्या.

वर आल्यावर त्यांना श्वास लागला होता. मग मान ताठ ठेवूनच मागच्या बायकांना म्हणाल्या, "आ जाओ, आराम से. पट्टी ढीली है, पैर देखकर." पाय बघून म्हणे! डोक्यावर कलश घेऊन! पण एकेक करून त्या सगळ्या फळीवरून वर आल्या. ढोल सुरू झाला. फळीवर पाणी सांडलं, कुंकवाचे थेंब पडले, तांदूळ पडले. खंडेलवालजी खाली उभे राहून ते बघत होते, आणि त्यांचा तो वर केलेला हात त्यांनी कधी खाली घेतला ते त्यांनाही कळलं नसेल.

चारला सुतार आला. पहार, हातोडी, दोन माणसं. मी पुन्हा फळीवर बसले होते, पण मला माझ्या बसण्याची खात्री राहिली नव्हती. सुतारानं विचारलं, "सेठजी, कहाँ से खोलूँ?" खंडेलवालजींनी त्या ओल्या फळीकडे पाहिलं. वरून बायकांचं गाणं येत होतं. मग वरच्या टोकाकडे बोट करून म्हणाले, "वो पट्टी ठोक दो. कोई गिर न जाए." सुतार म्हणाला, "और खोलना?" ते म्हणाले, "कह दिया ना." आणि पायऱ्यांवरून वर निघून गेले. पायऱ्यांवरूनच गेले, हेही सांगते. पूर्ण हार मानणारा माणूस नाही तो.

सुतारानं दोन खिळे ठोकले. आता पट्टी वाजत नाही.

सुधीर आला तेव्हा फळी जागेवर बघून गेटातच थांबला. मी सगळं सांगितलं. तो फळीच्या कडेला बसला, बोटानं ते तांदूळ गोळा करत राहिला, आणि म्हणाला, "आईला हे आवडलं नसतं." मी म्हटलं, मला माहीत आहे.

तेच मला तुमच्याशी बोलायचं होतं. फळी वाचली, पण कशामुळे वाचली? माझ्या बसण्यामुळे नाही. तुमच्यामुळे नाही. अशुभ झालं म्हणून जी निघणार होती, ती शुभ झालं म्हणून राहिली. ज्याला तुम्ही जन्मभर हसलात त्यानंच तुमची फळी राखली. मला राग येतो आहे, आई, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटतं आहे की त्या रागाचं काय करावं कळत नाही. उद्या कुणाला पुन्हा काही बरं दिसलं नाही तर? दर वेळी कलश थोडाच येणार आहे?

मनगटावर नखांच्या खुणा आहेत अजून. तेवढं मात्र शकुनाचं नव्हतं. तो हात त्यांनी धरला कारण त्या पडत होत्या. तुमची फळी पहिल्यापासून एवढ्यासाठीच होती ना? शुभासाठी नाही, अशुभासाठी नाही. पडू नये म्हणून.

तेव्हा आता माझं वचन ऐका. मंगळवारी नेहा सासरी जाईल, ती ह्याच फळीवरून उतरेल, मी तिथे उभी राहीन. त्यानंतर बिल्डिंगच्या पहिल्या मीटिंगला मी जाणार आहे. सुधीर नाही, मी. कुणाला बरं दिसतं, कुणाला नाही, ह्यावर ही फळी आता पुन्हा अवलंबून राहणार नाही, हे मी सगळ्यांसमोर बोलेन. आवाज चढला तर तुमच्यावर गेले म्हणायचं.

आणि आणखी एक. तुमची खुर्ची मी अजून बाल्कनीत ठेवली आहे, द्यायला हात होत नव्हता. ती आता दारात, फळीच्या शेजारी ठेवणार आहे, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. पण त्याआधी उद्या सकाळी, फळी झाडून झाली की, मी तिच्यात बसणार आहे. तोंड रस्त्याकडे करून. सुधीर मागून दांडे धरायला येईल, उलटं घे म्हणेल, त्याला नियम माहीत आहेत. आणि मी त्याला म्हणणार आहे, सोड एकदा.

तुमचीच,
उलटी उतरवणारी
संध्या